देवळालीचा ताप

इंग्लंडमधल्या क्लायंटबरोबर काम केलेल्यांनी 'डूलॅली' हा शब्द कधी ना कधी ऐकला असेल. कोणाचं डोकं फिरलं, मशीन वेड्यासारखं वागायला लागलं, की तिकडची माणसं सहज म्हणतात, 'डूलॅली झालंय'. ऐकायला शब्द आयर्लंडमधला वाटतो, पण तो अस्सल आपल्याकडचा आहे. डूलॅली म्हणजे देवळाली! नाशिकला जाताना खिडकीतून दिसतं ते स्टेशन, ठाण्यापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. मूळ वाक्प्रचार तर आणखी गमतीचा: 'डूलॅली टॅप'. यातला टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप. देवळालीचा ताप.

एखाद्या गावाचं नाव परक्या भाषेत 'वेड लागणे' या अर्थाने जाऊन बसावं, हे काही रोज होत नाही. ते का झालं हे शोधण्यात माझे दोन वीकएंड गेले. त्याच सुमारास रात्री जागून युद्धावरच्या मालिका बघणं चालू होतंच. वाचता वाचता लक्षात आलं की हे दोन वेगळे विषय नाहीत. सैनिकाच्या मनाला युद्धात जो त्रास होतो, तो टीव्हीवर दाखवतात म्हणजे नक्की काय दाखवतात? आणि काय गाळतात? या प्रश्नाचं बरंचसं उत्तर देवळालीत सापडतं.

तर आधी देवळाली.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी भारतातल्या गोऱ्या पलटणी वाढवल्या. या शिपायांची ने-आण मुंबई बंदरातून व्हायची. मुंबईचा उकाडा आणि रोगराई टाळावी म्हणून १८६१ मध्ये देवळालीला छावणी उभी राहिली. १८६५ मध्ये कसारा-इगतपुरीचा घाट रेल्वेने पार केला आणि सगळं सोपं झालं. नवे आलेले शिपाई आधी देवळालीला यायचे, मग देशभरातल्या आपापल्या पलटणींकडे जायचे. मुदत संपलेले शिपाई देशभरातून देवळालीला जमायचे आणि मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघायचे.

खरी मेख या वाट बघण्यात होती. सैन्याची जहाजं सुटायची ती साधारण थंडीच्या मोसमात, फार तर मार्चपर्यंत. त्यानंतर ज्याची मुदत संपली तो अडकला. पुढचा अख्खा उन्हाळा आणि पावसाळा देवळालीत! मुदत संपल्यामुळे धड काम नाही, आणि सुटकाही नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोजेक्ट संपलाय, रिलीव्हिंग लेटर मिळालेलं नाही आणि माणूस बेंचवर. तोही सहा महिने, परक्या मुलखात. मग दारू, मारामाऱ्या, गुप्तरोग, मलेरिया आणि या सगळ्याच्या जोडीला रिकामं डोकं. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका साध्या शिपायाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या भारतातल्या आपल्या नोकरीवर 'ओल्ड सोल्जर साहिब' हे पुस्तक लिहिलं, ते १९३६ मध्ये आलं. त्यात या तापाचं वर्णन आहे. बरी वागणूक असलेली माणसं तिथे हळूहळू कशी बिघडत जात, हे तो सांगतो.

इथे एक गोष्ट नीट बघायला हवी. देवळालीत शत्रू नव्हता. तिथे गोळी सुटत नव्हती, तोफ धडाडत नव्हती. तरीही सैनिकाच्या मानसिक त्रासाला सगळ्यात टिकाऊ शब्द दिला तो याच गावाने. पहिल्या महायुद्धातला 'शेल शॉक' हा शब्द चार्ल्स मायर्स या डॉक्टरने १९१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आणला. आज आपण पीटीएसडी म्हणतो ते निदान अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८० मध्ये, व्हिएतनामनंतर आलं. देवळालीचा ताप या दोन्हींच्या आधीचा. आणि त्याचं कारण होतं नुसतं थांबून राहणं.

टीव्हीला ही छावणी सापडली १९७४ मध्ये. बीबीसीने 'इट एन्ट हाफ हॉट मम' नावाची विनोदी मालिका सुरू केली, ती १९८१ पर्यंत चालली. मालिका सुरू होते १९४५ मध्ये, देवळालीच्या छावणीत. तोफखान्यातल्या काही पोरांचं काम आहे सैनिकांची करमणूक करणं: गाणी, नकला, बायकांचे कपडे घालून नाच. सार्जंट मेजरला त्यांची मर्द फौज बनवायची आहे, आणि पोरांना एवढंच हवंय की आघाडीवर न जाता जिवंत घरी पोचावं. लेखकांपैकी एक, जिमी पेरी, स्वतः देवळालीत असे कार्यक्रम करत होता. म्हणजे त्याने बघितलेलंच लिहिलं. मालिकेच्या नावाचा अर्थ साधारण असा: 'काय भयंकर उकडतंय गं आई!' पोरगा आईला पत्र लिहितोय. पत्रात तो उकाड्याबद्दल लिहितो. भीतीबद्दल लिहीत नाही.

आज बीबीसी ही मालिका दाखवत नाही, कारण मालिकेतला भारतीय नोकर एका गोऱ्या नटाने तोंडाला रंग फासून साकारलाय. ते बघवत नाही हे खरंच आहे. पण तेवढं बाजूला ठेवून बघितलं तर गोऱ्या शिपायाबद्दल ती एक गोष्ट नेमकी पकडते: युद्धाचा बराच मोठा भाग कंटाळ्याचा असतो, आणि कंटाळा माणसाला पोखरतो.

अमेरिकेतल्या 'मॅश'नेही हेच केलं. कोरियाचं युद्ध १९५० ते १९५३, तीन वर्षांचं. मालिका चालली १९७२ ते १९८३, अकरा वर्षं! डॉक्टर मंडळी जखमी शिवतात, थट्टा करतात, परत शिवतात. २८ फेब्रुवारी १९८३ ला शेवटचा भाग लागला तेव्हा तो अमेरिकेत १० कोटींहून जास्त लोकांनी बघितला. त्या भागात अकरा वर्षं विनोद करणारा नायक मनोरुग्णालयात आहे. तो एका बसमधल्या रात्रीची आठवण सांगतो. शत्रूला चाहूल लागू नये म्हणून एका बाईने तिच्या कोंबडीचा आवाज बंद केला, असं त्याला आठवतंय. डॉक्टर हळूहळू त्याला खऱ्या आठवणीपर्यंत नेतो. ती कोंबडी नव्हती, तिचं बाळ होतं. टीव्हीच्या इतिहासात सैनिकी मनाची जखम इतक्या सरळ फार कमी वेळा दाखवली गेली असेल. आणि ती पोचते याचं कारण त्याआधीची अकरा वर्षं आपण त्या माणसाबरोबर बसून काढलेली असतात.

असो. हे झालं गोऱ्यांचं. त्यांचा ताप शब्दकोशात गेला, मालिकेत गेला. आपल्या शिपायांचं काय? ते तर याच बंदरातून, याच काळात उलट्या दिशेने जात होते.

पहिल्या महायुद्धात खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या ऑक्टोबर १९१४ मध्ये फ्रान्समध्ये न्यव शापेलला लढल्या आणि पार रक्तबंबाळ झाल्या. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचं तर नावच पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ अशी कुतच्या वेढ्यातली उपासमार त्यांनी सोसली. घोड्याचं मांस खायचं की नाही यावरून जीव आणि धर्म यांची ओढाताण झाली. शेवटी सुमारे १३ हजारांच्या फौजेने शरणागती पत्करली आणि मग कैदेतली पायपीट, जी हजारोंना पुरली नाही. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या किती घरांत त्या वेळी काय चाललं असेल, कल्पना करा.

ही माणसं आतून कशी होती हे आपल्याला कळतं ते एका विचित्र वाटेने. फ्रान्समध्ये भारतीय सैनिकांची पत्रं तपासायला सरकारने खास खातं उघडलं होतं. हॉवेल नावाचा अधिकारी त्याचा प्रमुख. हजारो पत्रं उघडली जायची, निवडक मजकुराचा इंग्रजी तरजुमा व्हायचा, त्यावर अहवाल बनायचे. ते उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आपण ज्याला सेंटिमेंट अॅनालिसिस म्हणतो, त्याचाच हा शंभर वर्षांपूर्वीचा, हाताने चालवलेला प्रकार. फौजेचं मनोधैर्य किती टक्के शिल्लक आहे, एवढंच सरकारला बघायचं होतं. एका अहवालात हॉवेलने एक मार्मिक गोष्ट टिपलीय: शिपाई पत्रांत कविता करायला लागलेत आणि हे काही चांगलं लक्षण नाही!

पत्र वाचलं जातंय हे शिपायांनाही माहीत होतं. म्हणून ते आडून लिहायचे. काळी मिरी म्हणजे भारतीय सैनिक, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी संपत आलीय, असं घरी कळवलं की समजणाऱ्याला समजायचं. त्यात बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. पत्र लिहिणारा दुसराच, गावात वाचून दाखवणारा तिसराच. मास्तर किंवा पोस्टमन मोठ्याने वाचणार आणि भोवती अर्धी आळी बसलेली. अशा पत्रात कोणता माणूस लिहील की मला रात्री झोप लागत नाही? तो लिहिणार: बैल कसे आहेत, सारा भरला का, दावा कुठवर आला, पोराला शाळेत घाला.

तेव्हाच्या डॉक्टरांनाही शिपायाच्या मनाऐवजी त्याच्या इमानाची काळजी होती. भारतीय शिपाई घरी जाण्यासाठी स्वतःच हातावर गोळी झाडून घेतात, असा संशय घेतला गेला. इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या किचनर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल सीटन यांनी १९१५ मध्ये १००० जखमा तपासून अहवाल दिला. संशयाला आधार सापडला नाही. गोऱ्याचं डोकं फिरलं तर हवेचा दोष, आपल्या माणसाचं फिरलं तर नियतीत खोट. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता आपल्या टीव्हीकडे वळू. १९८८ मध्ये दूरदर्शनवर चेतन आनंद यांची 'परमवीर चक्र' आली. एकेका भागात एकेक वीर. १९८९ मध्ये 'फौजी' आली. कर्नल कपूर यांची मालिका, शाहरुख खान नावाचा नवा पोरगा, आणि ट्रेनिंगमधली दंगामस्ती. आपल्या पिढीतल्या कित्येकांनी एनसीसीचा फॉर्म भरला तो या मालिकेमुळे. दोन्ही मालिकांत डोळे पाणावतात, पण ते मित्राच्या मृत्यूला किंवा आईच्या आठवणीने. १९९७ मधल्या 'बॉर्डर' सिनेमातलं पत्रांचं गाणं तर आजही प्रत्येक २६ जानेवारीला सोसायटीच्या स्पीकरवर लागतं. पाहिलंत? शंभर वर्षांनंतरही आपल्या पडद्यावर सैनिकाचं मन म्हणजे पत्रच. आणि पत्रात तेच, जे चारचौघांत वाचता येईल.

मग १९९९ चं कारगिल आलं. टीव्हीवरून घरात शिरलेलं हे आपलं पहिलं युद्ध. त्या वेळी आणखी एक गोष्ट घडली, जिच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. १९६२, १९६५, १९७१ मध्ये बहुतेक जवानांचे अंत्यसंस्कार आघाडीजवळच व्हायचे, घरी यायची ती तार. कारगिलमध्ये तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या गावोगाव पोचल्या आणि मागोमाग कॅमेरे. तेव्हापासून सैनिकाचं दुःख म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात आई, बायको आणि सलामी देणारं लेकरू. दुःख खरंच आहे, त्यात शंका नको. पण बघा, ज्याच्याबद्दल आहे तो माणूस मात्र पेटीत बंद आहे. परत आलेल्या जवानावर कॅमेरा फारसा थांबला नाही.

मराठीपुरतं बोलायचं तर सगळ्यात जास्त बघितली गेलेली फौजी गोष्ट म्हणजे 'लागिरं झालं जी'. २०१७ ते २०१९, झी मराठी, सातारी बोली, अज्या आणि शीतली. घराघरातून माणसं सैन्यात जाणाऱ्या मुलखात भरतीचं स्वप्न काय असतं, पहाटेचं रनिंग, नापास होण्याची धास्ती, फौजीशी लग्न करणाऱ्या मुलीच्या मनातली घालमेल, हे तिने छान दाखवलं. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत ते पहिल्यांदाच पोचलं असेल. पण मालिकेचा जीव गावात आहे. सैनिक घरापासून दूर असतो, म्हणून तो दुःखी, हे तिचं सूत्र. म्हणजे तो घरी परतला की दुःख संपलं.

खरंच संपतं का?

आमच्या वर्तकनगरात आणि पोखरण रोडच्या टॉवरांमध्ये गेटवर बसणाऱ्यांत बरेच माजी सैनिक आहेत. शिपाई साधारण पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. पुढे उभं आयुष्य पडलेलं असतं, म्हणून दुसरी नोकरी. आमच्याकडचे सुपरवायझर काका सांगली जिल्ह्यातले, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. एका रविवारी त्यांच्याशी मालिकांचा विषय निघाला. ते हसले.

"सिरियलमध्ये जवान सुट्टीवर आला की स्टँडवर अख्खं गाव. आम्ही रात्री दोनला उतरायचो, नुसती कुत्री भुंकायची मागं."

मी म्हटलं, "काका, मग कायमचे घरी आलात तेव्हा तरी बरं वाटलं असेल?"

"पहिला महिना लई भारी. मग कळलं, घर माझ्याशिवाय चालायला शिकलंय. साखरेचा डबा कुठंय ते मला ठाऊक नाही. पोरगं कायबी मागायचं तर आईकडं. मला बघून टीव्हीचा आवाज कमी करायचं. पाव्हणा आल्यागत." थोडा वेळ थांबून म्हणाले, "त्यात भावानं बांध कोरलेला. तिकडं बर्फात उभं असताना मी शत्रूचा नाही, बांधाचा विचार करायचो. खोटं नाही सांगत, साहेब."

बांधाची गोष्ट ऐकून मला ती १९१५ ची पत्रं आठवली. बैल, सारा, दावा. सैन्यातल्या आत्महत्यांबद्दल संसदेत वेळोवेळी प्रश्न विचारले जातात. संरक्षण मंत्रालयाच्या उत्तरांत कारणं दिलेली असतात ती अशी: कौटुंबिक अडचणी, वैवाहिक बेबनाव, ताणतणाव, पैशाची ओढाताण. जवानाच्या जमिनीचा तंटा असेल तर त्याचा अधिकारी जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहितो, ही सैन्यातली जुनी रीत. म्हणजे व्यवस्थेला हे दुखणं माहीत आहे. ठाऊक नाही ते फक्त पटकथा लिहिणाऱ्यांना, कारण सात-बाराच्या उताऱ्यावर पार्श्वसंगीत वाजवता येत नाही.

टीव्हीला क्षण लागतो. गोळीचा, निरोपाचा, हंबरड्याचा. आणि शेवट लागतो. यात चांगल्यातल्या चांगल्या मालिकाही फसतात. 'बँड ऑफ ब्रदर्स' (एचबीओ, २००१, दहा भाग) आपल्यापैकी अनेकांनी दोनदा-तीनदा बघितली असेल. तिच्या तिसऱ्या भागात आल्बर्ट ब्लाइद नावाचा सैनिक आहे. नॉर्मंडीच्या लढाईत भीतीने त्याची दृष्टीच जाते, डोळ्यांना काही झालेलं नसताना. अतिशय हळवं, अतिशय समजून केलेलं चित्रण. भाग संपताना पडद्यावर अक्षरं येतात की तो जखमांमधून कधीच सावरला नाही आणि १९४८ मध्ये वारला. प्रत्यक्षात हा माणूस बरा झाला, सैन्यातच राहिला, बढत्या मिळवल्या आणि १९६७ मध्ये वारला. मालिकेने त्याला एकोणीस वर्षं आधी मारून टाकलं! माहिती चुकली असेल, मान्य. पण ती चूक कोणाला खटकली नाही, याचं कारण गोष्टीला ती शोभत होती. मोडलेला माणूस मरतो, हे आपल्याला पटतं. मोडलेला माणूस उठतो, पुन्हा वर्दी चढवतो, वीस वर्षं नोकरी करतो, हे कसं दाखवायचं?

दाखवता येतं. 'मॅश'ने वेळ देऊन दाखवलं. त्यासाठी आपल्याकडे परदेशी जायची गरज नाही. पुण्याला खडकीत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, १९१७ मध्ये सुरू झालेलं, युद्धात हातपाय गमावलेल्या शिपायांना नवा धंदा शिकवायला. ते आजही आहे. तिथेच खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. कंबरेखाली किंवा मानेखाली लुळे पडलेले जवान तिथे वर्षानुवर्षं राहतात, व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात, कोणी तोंडात ब्रश धरून चित्रं काढतं. तिथे एक सकाळ कशी सुरू होते, आंघोळीला किती वेळ लागतो, घरचे भेटायला आले की पहिली दहा मिनिटं काय बोलतात, कोणाचं येणं हळूहळू बंद होतं. अशा शंभर भागांची मालिका कोणीतरी मराठीत करावी. टीआरपी मिळेल की नाही, ठाऊक नाही. अज्या-शीतलीला मिळेल असं तरी आधी कोणाला वाटलं होतं?

देवळालीची ती जुनी छावणी आता इतिहासजमा झाली. तिथे आता भारतीय सैन्याचं तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि देशभरातली पोरं तिथे तोफा चालवायला शिकतात. गोऱ्यांनी निदान आपल्या तापाला नाव दिलं, मग ते टिंगलीचं का असेना. आपल्याकडे त्याला अजून शब्द नाही. हवालदार काकांना विचारलं तर ते म्हणतात, "काय न्हाई ओ, जरा करमत नाही."

सध्या तोच शब्द वापरू. पुढच्या वेळी गेटवर एखादे काका नुसतेच रस्त्याकडे बघत बसलेले दिसले तर घाई नसेल तेव्हा दोन मिनिटं थांबा. युद्धाबद्दल विचारू नका. गावाकडे पाऊस कसा आहे, ते विचारा.